वहीला मांडा

आमच्या घरातून मोठ्या रस्त्याला लागायला दोन वाटा आहेत. एक अण्णांच्या किराणा दुकानावरून सरळ. दुसरी गिरणीच्या मागच्या बोळातून. या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं सरकावं लागतं, शिवाय गिरणीचं पीठ डोक्यावर बसतं. तरी गेली काही वर्षं पगाराच्या आठवड्यात, रविवारी संध्याकाळी, या बोळात वाहतूक तुंबते. प्रत्येकाच्या पायाशी फुगलेल्या पिशव्या. सगळे मॉलवरून आलेले. कुणी कुणाला काही विचारत नाही. ‘गरम फार होतंय’ असं काहीतरी म्हणतात आणि मागं सरकतात.

मॉल म्हणजे काय, तर सांगली-मिरज रस्त्यावरचं एक मोठं दुकान. तिथं सिनेमा नाही, सरकता जिना नाही. खाली किराणा, वर चादरी, बादल्या आणि मुलांचे कपडे. पण ट्रॉली ढकलायला मिळाली की आमच्याकडं त्याला मॉल म्हणतात.

माझी खरी अडचण पिशवीची आहे. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हा अण्णांनी मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि त्या वर्षीच्या दिवाळीच्या बाजाराबरोबर गिऱ्हाइकांना वाटल्या. दुहेरी शिलाई, रुंद बंद, दहा किलो ज्वारी घातली तरी कुरकुरत नाही. दोन्ही अंगाला जांभळ्या शाईत दुकानाचं नाव आणि खाली ‘एक वेळ अवश्य भेट द्या’. मॉलमध्ये पिशवीचे वेगळे पैसे पडतात, म्हणून घरातून न्यावी लागते, आणि आमच्या घरात भरवशाची पिशवी ही एवढीच. मी ती उलटी करून नेतो. पण शाई इतकी दणकट, की आतून बाहेर उमटलीय. त्यामुळे मॉलच्या दारातल्या पहारेकऱ्यासमोर मी अण्णांचं नाव आरशात दिसावं तसं उलट्या अक्षरांत मिरवत उभा असतो.

अण्णांचं दुकान सांगलीच्या गावभागात, आमच्या आजोबांच्या वेळेपासून. आत एका वेळी एकच माणूस आडवा मावेल एवढी जागा. पुढं उघडी पोती, मागं छतापर्यंत फळ्या, मध्ये अण्णा. वर टांगलेल्या रिळाचा दोरा खाली लोंबत असतो. पुडा बांधताना अण्णा त्याच्याकडं बघतसुद्धा नाहीत, नुसता हात वर जातो. दोन वेढे, एक झटका, की दोरा तुटतो. लहानपणी मी घरी हा झटका खूप वेळा करून पाहिला. दोरा तुटायचा नाही, बोट कापायचं.

महिन्याचा बाजार म्हणजे यादी. आईची यादी गेल्या महिन्याच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर असायची आणि तिचा क्रम कधी बदलला नाही. वर शाळू, मग गहू, तांदूळ, डाळी, खाली उतरत उतरत शेवटी काडेपेटीचा पुडा. अण्णा लाल पेन्सिलीनं एकेका ओळीवर खूण करत जायचे आणि यादीत जे नाही तेही वाचायचे. ‘हिंग न्हाई लिहिला या खेपेला. आहे का घरात?’ मी यादी पोचवणारा हमाल. हिंगाबद्दल मला काय माहीत असणार? ते स्वतःच एक डबी टाकायचे आणि म्हणायचे, ‘लागला न्हाई तर आणून द्या.’

एका वर्षी बाबांचा पगार कारखान्यात थकला. घरात आम्हा मुलांना कुणी काही बोललं नव्हतं, नातेवाइकांना तर मुळीच नाही. पण यादीत तेल पाचावरून तिनावर आलं, साबण चारांऐवजी दोन झाले आणि बदाम गळाले. अण्णांना कळायला आणखी काय लागतं? त्यांनी खुणा केल्या, माल दिला, आणि पैशाचं विचारायच्या आधीच म्हणाले, ‘वहीला मांडलंय म्हणून सांगा आईला.’ चार महिने तसं मांडलं गेलं.

आता इथं थांबून अण्णांची आरती ओवाळली तर ते खरं होणार नाही. जो माणूस एवढं ओळखतो, त्याच्यापुढं काहीच झाकत नाही. गल्लीत स्थळाची चौकशी करायला पाहुणे आले, की आधी अण्णांच्या फळीवर टेकायचे. एखादी गोळी-बिस्कीट घ्यायचे आणि अमक्यांचं घर कसं आहे म्हणून विचारायचे. अण्णा वाईट कधी बोलायचे नाहीत, पण नुसते ‘हां, चांगली माणसं हैत’ म्हणण्याआधी किती वेळ गेला, हे पाहुणे मोजायचे. त्या दोन-तीन सेकंदांत उधारीचा सगळा इतिहास असायचा. माझी बहीण सॅनिटरी नॅपकिन आणायला दुकानात बाप्ये नसतील अशी वेळ हेरून जायची. मग अण्णा तिच्याकडं न बघता तो पुडा वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून, शिवाय काळ्या पिशवीत घालून द्यायचे. इतकं झाकल्यावर अख्ख्या गल्लीला कळायचं.

त्यामुळे आई पहिल्यांदा मॉलमध्ये आली, तो दिवस मला विसरता येत नाही. चाळीस वर्षं ती फळीच्या अलीकडं उभी राहून पलीकडं बोट दाखवत आली होती. ‘तो नको, त्याच्या शेजारचा.’ इथं मध्ये फळीच नाही. तिनं एक साबण उचलला, वास घेतला, ठेवला. दुसरा उचलला. मग इकडंतिकडं बघून, कुणी ओरडत नाही याची खात्री करून, तिसरा. मसुरीच्या डब्यात हात घालून मूठभर मसूर बोटांतून सोडली. दीड तासानं ट्रॉलीत काय होतं, तर एक साबण, मसूर आणि स्वयंपाकघरात कुठंही न बसणारी निळ्या झाकणाची बरणी. यादी पर्समध्ये तशीच घडी घातलेली. ‘कुणी बघत नाही, किती बरं वाटतं’, असं म्हणाली. मी वर कोपऱ्यातला कॅमेरा बघितला आणि गप्प बसलो. बिल करताना काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल नंबर विचारला, आईनं तो मोठ्या आवाजात सांगितला. तेल पाचावरून तिनावर आलं की आता तिथंही कुठंतरी कळत असणार. फक्त तिथं फळीवर टेकून कुणी पाहुणा चौकशी करू शकत नाही, आणि मशीन चार महिने मांडूनही ठेवत नाही.

स्वस्त मात्र पडतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या घरात महिन्याला सात-आठशेचा फरक पडतो. अशा स्वस्त दुकानांतलं मोठं नाव म्हणजे डीमार्ट. त्याचं पहिलं दुकान राधाकिशन दमानींनी २००२ साली मुंबईत पवईला काढलं. तेव्हापासून त्यांच्या धंद्याची जी रीत सांगतात, ती ऐकून अण्णांना वाईट वाटण्यापेक्षा कौतुकच वाटतं. शक्यतो जागा स्वतःची घ्यायची, म्हणजे भाड्याची कटकट नाही. कंपन्यांचे पैसे झटपट चुकते करायचे, म्हणजे रोखीची सूट मिळते. खपणाराच माल ठेवायचा. ‘हे आमच्या बापानं पण सांगितलेलं’, अण्णा म्हणतात, ‘रोखीचा रुपया सव्वा रुपयाचं काम करतो. पण रोख आणायची कुठनं?’ त्यांचा सगळा व्यवहार दोन उधाऱ्यांच्या मधला. गणपती पेठेतला ठोक व्यापारी त्यांना पंधरा दिवस देतो, ते आम्हाला महिना देतात. मधले पंधरा दिवस ते कसे काढतात, हे आम्ही कधी विचारलं नाही.

त्यात कंपन्यांचेही दर वेगवेगळे. मोठ्या दुकानाला एक, वितरकामार्फत येणाऱ्या छोट्याला दुसरा. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी यावरूनच एका बड्या टूथपेस्टचा माल उचलणं थांबवलं होतं. अण्णांच्या दुकानात तेव्हा त्या टूथपेस्टची फळी रिकामी दिसायची. तिथं त्यांनी उदबत्त्या लावल्या, आणि त्या अजून तिथंच आहेत.

सगळ्यात मोठा तडाखा मात्र मॉलनं नाही, कृष्णेनं दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात होड्या फिरत होत्या. पाणी ओसरल्यावर अण्णांचं दुकान उघडलं, तेव्हा पोत्यांतून मोड आलेले हरभरे बाहेर डोकावत होते आणि साखरेची पोती नुसती चपटी पडली होती, आत काही नाही. अण्णांनी आधी वह्या शोधल्या. लाल कापडाच्या बांधणीच्या त्या लांब वह्या त्यांनी ओट्यावर उन्हात पसरल्या, पानं उडू नयेत म्हणून वर वजनं ठेवली. दोनशे ग्रॅम, पाचशे ग्रॅम, किलो. पानं वाळली, पण शाई पसरून सगळं निळं आभाळ झालं होतं. नाव एकाचं, आकडा दुसऱ्याचा.

मग आठवडाभर अण्णा दुकानासमोर खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला विचारत राहिले, ‘तुमचं किती मांडलं होतं?’ आईला पाठ होतं, बाराशे चाळीस. पलीकडच्या आजींनी चौदाशे सांगितले, मग रात्री निरोप पाठवला की सोळाशे असावेत, डाळ विसरले. बहुतेकांनी आपापले आकडे सांगितले. ते खरे होते की नव्हते, कुणास ठाऊक. एक गृहस्थ म्हणाले, ‘आमचं काही नव्हतंच.’ अण्णांनी नव्या वहीत त्यांचं नाव लिहिलं आणि पुढं नीट शून्य काढलं. मॉलच्या पिशव्या घेऊन बोळातून न जाता थेट दुकानावरून जाणारा आमच्या गल्लीत तो एकच माणूस आहे.

मागच्या महिन्यात मी मॉलमध्ये तेलाच्या फळीपाशी उभा होतो. सोयाबीनच्या लिटरच्या पिशवीवर छापील किंमत १५५, तिथं १२४. खाली पाटी होती, एका ग्राहकास कमाल चार नग. मी दोन घेतल्या, वळलो, आणि समोर अण्णा. खांद्यावर टॉवेल, हातात ट्रॉली, ट्रॉलीत तेलाच्या चार पिशव्या. आधी मला पळावंसं वाटलं, मग लक्षात आलं की त्यांनाही तेच वाटत होतं. मी पिशवी पाठीमागं लपवली, त्यांनी टॉवेल ट्रॉलीवर टाकला. काही क्षण दोघंही तेलाच्या फळीकडं बघत राहिलो.

‘आमच्या वितरकाचा भाव एकशे बत्तीस हाय’, शेवटी अण्णाच म्हणाले. ‘हितं गिऱ्हाइकाला एकशे चोवीस. मग मी पण गिऱ्हाईकच व्हतो की.’

मी म्हटलं, ‘बरोबर आहे.’ दुसरं काय म्हणणार?

ते थोडे जवळ आले. आवाज खाली आणला. ‘तुम्ही दोनच घेतल्यात. अजून दोन बसतात तुमच्या नावावर.’

मी आणखी दोन पिशव्या उचलल्या. रांगेत आम्ही मागं-पुढं उभे राहिलो, ओळख नसल्यासारखे. माझ्या पुढ्यात अण्णांची पाठ आणि माझ्या हातात अण्णांचीच पिशवी, उलटी. काउंटरवरच्या मुलीनं त्यांना मोबाईल नंबर विचारला, तर म्हणाले, ‘न्हाई आमच्याकडं’, आणि तेवढ्यात खिशात तो वाजला. बाहेर येऊन मी त्यांच्या स्कूटरच्या फळीवर त्यांच्या सहा पिशव्या रचून दिल्या. त्यांनी माझ्या दोनांचे पैसे मोजून दिले, दोनशे अठ्ठेचाळीस, सुटे. माझ्या हातातल्या पिशवीकडं त्यांनी एकदा बघितलं. ‘शिलाई टिकलीय’, म्हणाले. घरी येताना दोघंही बोळातून आलो. ते पुढं, मी मागं. समोरून कुणीतरी आलं, तेव्हा दोघांनाही मागं सरकावं लागलं.

माझ्या वाटच्या दोन पिशव्या चौथ्या दिवशी संपल्या, कारण आईनं शंकरपाळ्या करायला घेतल्या होत्या. पहिला घाणा कढईत असताना तिला तेल कमी दिसलं. मी पळत अण्णांकडं गेलो. त्यांनी मागं हात घातला आणि लिटरची पिशवी पुढं ठेवली. कोपऱ्यावर मॉलचा पिवळा ठिपका अजून तसाच चिकटलेला.

‘किती?’

‘एकशे पंचेचाळीस.’ मग ठिपका नखानं खरवडत म्हणाले, ‘तुम्हाला चाळीस.’

घाईत मी पाकीट घरीच विसरलो होतो. खिसे चाचपले, फोनही ओट्यावरच राहिलेला. अण्णांनी तोपर्यंत वही ओढली होती आणि लाल पेन्सिलीला थुंकी लावली होती.