समुपदेशन मिळालं, पत्र अडकलं

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रापर्यंत पोचणं लोक समजतात तितकं अवघड नाही. ऑनलाइन फॉर्म भरायचा, प्राथमिक मुलाखतीची वेळ घ्यायची, संमतिपत्र वाचून सही करायची. माझं हे सगळं सुरळीत झालं, समुपदेशकही चांगल्या मिळाल्या, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. घोडं अडलं ते परीक्षेतली सवलत आणि सबमिशनची मुदतवाढ ह्यांसाठी लागणाऱ्या पत्रावर. केंद्र म्हणतं, आम्ही निदान लिहून देत नाही. परीक्षा विभाग म्हणतो, निदानाशिवाय अर्ज घेत नाही. आणि ज्याचं धड एका पानावर लक्ष लागत नाही, त्याने ह्या दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालायचे. त्याचा राग अजून गेलेला नाही.

समुपदेशन घेणं आणि दाखला मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे पहिल्याच दिवशी डोक्यात पक्कं करून घ्या. समुपदेशक पत्राला टाळाटाळ करतात असं वाटतं, पण त्यांच्या बाजूला ठोस कारणं असतात. ती कळली की नेमकं काय मागायचं तेही कळतं.

पहिलं कारण भूमिकेचं. जी व्यक्ती आपलं ऐकून घेते तिलाच पंच करून बसवलं, तर विद्यार्थी पुढच्या सेशनला मोकळं बोलत नाही. पत्र मिळेल असंच बोलतो. म्हणून उपचार करणाऱ्याने मूल्यमापनाचा दाखला देऊ नये, असा ह्या व्यवसायातला संकेत आहे. दुसरं कारण अधिकाराचं. बऱ्याच ठिकाणी समुपदेशकाला वैद्यकीय निदान लिहिण्याचा अधिकारच नसतो. तो मानसोपचारतज्ज्ञाचा किंवा नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा असतो. तिसरं कारण वेळेचं. नैराश्याचं निदान करायला नऊ लक्षणांपैकी किमान पाच, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज असावी लागतात आणि त्यात उदास मन किंवा कशातच रस न वाटणं ह्यांपैकी एक असावंच लागतं. सततच्या चिंतेच्या विकारासाठी हा कालावधी सहा महिन्यांचा आहे. पहिल्या पन्नास मिनिटांत कोणी घाईने निदान लिहून देत नसेल, तर तो माणूस आपलं काम नीट करतोय.

काही जण पीएचक्यू-९ ह्या नैराश्याच्या प्रश्नावलीतल्या गुणांचा प्रिंटआउट अर्जाला जोडतात. तो जोडू नका. ती नऊ प्रश्नांची चाळणी आहे, गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले की अधिक तपासणी करावी असा तिचा अर्थ. चिंतेसाठीच्या जीएडी-७ चंही तसंच, फक्त तिथे गुण २१ पर्यंत. ह्या कागदाला कोणताही विभाग निदान मानणार नाही, आणि तो न मानण्यात त्यांची चूक नाही.

मग मागायचं काय? कागद तीन प्रकारचे असतात आणि बहुतेक गोंधळ ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. सगळ्यात साधा म्हणजे भेटीचा दाखला: अमुक तारखेला अमुक वेळी विद्यार्थी केंद्रात हजर होता, एवढंच. चुकलेल्या प्रॅक्टिकलसाठी किंवा हजेरीसाठी तो पुरतो आणि पहिल्या भेटीनंतरही मिळतो. दुसरं परिणामाचं पत्र, ज्यात त्रासाचं नाव नसतं पण त्याचा अभ्यासावर काय परिणाम होतोय ते असतं. हे समुपदेशक देऊ शकतात, मात्र काही सेशन झाल्यावर. तिसरा निदानासह मूल्यमापनाचा अहवाल. तो केंद्राच्या समुपदेशकाकडे मागायचाच नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरलची चिठ्ठी मागायची, आणि तीही पहिल्याच मुलाखतीत, कारण तिथली वेळ मिळायलाच सगळ्यात जास्त दिवस जातात.

माझा अर्ज परत आला तो फॉर्मवरच्या ‘आजाराचे नाव’ ह्या रकान्यामुळे. परिणामाचं पत्र जोडलेलं होतं, तरी खिडकीपलीकडून एकच उत्तर: नाव लिहा. ह्या हट्टाला काही अर्थ नाही. हाताला प्लास्टर असलेल्या मुलाला लेखनिक द्यायचा की नाही हे नेमकं कुठलं हाड मोडलंय ह्यावरून ठरत नाही, हात चालतो की नाही ह्यावरून ठरतं. सवलतीचंही तेच आहे. तीन तास सलग बसता येतं का, झोप किती तुटते, वाचलेलं लक्षात राहतं का, गर्दीच्या हॉलमध्ये छातीत धडधडतं का, ह्यावर जादा वेळ द्यायचा की वेगळी खोली, हे ठरतं. आजाराचं नाव कळून त्यातलं एकही उत्तर मिळत नाही. उलट ते नाव एका फाइलमध्ये कायमचं जाऊन बसतं आणि ती फाइल कोण कोण उघडतं ह्यावर आपला ताबा नसतो.

मार्ग निघाला तो तोंडी वाद घालून नाही, लेखी विचारल्यावर. परीक्षा विभागाला ईमेल करा: ‘सवलतीच्या नियमात निदान आवश्यक आहे का? असल्यास कलम कळवावे.’ तोंडी ‘लागतंच’ म्हणणारी माणसं कलम शोधायला लागतात, आणि अनेकदा नियमात ‘तज्ज्ञाचे प्रमाणपत्र’ एवढेच शब्द निघतात. ईमेलची प्रत विभागप्रमुखांना आणि विद्यार्थी कल्याण कक्षाला पाठवा. निदान खरंच आवश्यक निघालं, तर ‘गोपनीय’ लिहिलेला बंद लिफाफा थेट निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे देता येईल का हे विचारा आणि फॉर्मच्या रकान्यात ‘सोबतच्या गोपनीय अहवालानुसार’ असं लिहा.

परिणामाच्या पत्रात काय असावं हे समुपदेशकाला आपण सांगितलेलं चालतं. त्यांनाही ते सोपं जातं. लेटरहेड, तारीख, सही करणाऱ्याची पात्रता आणि नोंदणी क्रमांक, विद्यार्थ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक, केंद्राशी संपर्क कधीपासून, परिणाम काय, सुचवलेली सवलत कोणती, आणि ती कधीपर्यंत. सगळं एका पानात. मजकूर साधारण असा असला की काम होतं:

‘सदर विद्यार्थी या सत्राच्या सुरुवातीपासून केंद्रात नियमित येत आहे. सध्या त्याला सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकाग्र राहणे कठीण जाते आणि झोप वारंवार मोडते. परीक्षेसाठी २५ टक्के जादा वेळ आणि मध्ये थोडा विराम द्यावा, अशी शिफारस आहे. ही शिफारस या सत्रापुरती आहे.’

‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ अशा शेवटाचं पत्र आलं तर नम्रपणे परत द्या. त्यावर कारकुनाला काहीच करता येत नाही. त्याला आकडा लागतो: किती टक्के, किती दिवस, कोणते विषय.

मागच्या तारखेचं पत्र कोणाकडेच मागू नका. परीक्षा ५ तारखेला झाली आणि तुम्ही केंद्रात पहिल्यांदा १२ ला गेलात, तर ५ तारखेची तुमची अवस्था त्यांनी पाहिलेलीच नाही. ‘विद्यार्थ्याच्या सांगण्यानुसार’ एवढंच ते लिहू शकतात, आणि ते शब्द दिसले की अर्ज बाजूला पडतो. म्हणून त्रास होतोय असं वाटल्यावर परीक्षेची वाट न बघता एकदा जाऊन यावं. सत्राचे पहिले आठवडे केंद्र बऱ्यापैकी रिकामं असतं. अंतर्गत परीक्षा संपल्या की झुंबड उडते, आणि सत्रान्ताला वेटिंग सगळ्यात लांब. वेटिंगमध्ये असाल तर ‘कोणी अपॉइंटमेंट रद्द केली तर ऐनवेळी कळवा, मी येऊ शकते’ असं नोंदवून ठेवा. बऱ्याच केंद्रांत अशी वेगळी यादी असते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पत्र बाहेर जाण्याआधी माहिती देण्याच्या संमतीचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. सुरुवातीच्या संमतिपत्रात हे येत नाही. त्यात कोणाला, कोणती माहिती आणि कोणत्या तारखेपर्यंत हे तिन्ही रकाने स्वतः भरा. ‘सर्व संबंधित माहिती’ असं छापलेलं असेल तर खोडून ‘फक्त अमुक तारखेचे पत्र’ लिहा आणि शेजारी सही करा. ही संमती लेखी कळवून मागेही घेता येते. पत्र आधी आपण वाचायचं, मगच पुढे पाठवायचं.

गोपनीयतेबद्दल मुलांच्या मनात फार भीती असते. सेशनच्या नोंदी गुणपत्रिकेच्या नोंदींपासून वेगळ्या ठेवल्या जातात आणि शिक्षकांना त्या दिसत नाहीत. अपवाद ठरलेले असतात: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला नजीकचा धोका, लहान मुलांवरचा अत्याचार, न्यायालयाचा आदेश. दुसऱ्याच्या जिवाचा अपवाद विद्यापीठातल्याच एका प्रकरणातून पक्का झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या विद्यापीठात उपचार घेणाऱ्या एका विद्यार्थ्याने १९६९ मध्ये एका तरुणीचा खून केला. तिला मारण्याचा विचार त्याने आधी उपचार करणाऱ्याला बोलून दाखवला होता. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, अशा व्यक्तीला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य ठरवलं. पहिल्या भेटीत समुपदेशक हे अपवाद वाचून दाखवतात ते म्हणूनच. तुमच्यावर संशय असतो असं नाही.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. घाबरून तिथे शून्य टाकणारे खूप आहेत. खरं उत्तर द्या. त्यावर समुपदेशक विचारतात: विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का. लगेच घरी फोन जाईल किंवा दवाखान्यात नेतील असं सहसा होत नाही. बहुतेक वेळा सोबत बसून सुरक्षिततेची योजना लिहितात: धोक्याची चिन्हं, स्वतःला सावरायचे उपाय, लक्ष दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, तज्ज्ञांचे आणि तातडीचे क्रमांक, आणि आसपासची घातक साधनं दूर करणं. विचार आत्ताच असह्य होत असतील तर केंद्राच्या वेटिंगमध्ये थांबायचं नाही; तातडीच्या विभागात किंवा हेल्पलाइनवर जायचं, कोणाला तरी सोबत घेऊन.

रेफरलनंतर औषध सुरू झालं तर परीक्षेचं गणित मांडताना एक लक्षात घ्या. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा ते आठ. मळमळ, झोपेतला बदल हे त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच येतात. परीक्षा पंधरवड्यावर आली असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, आणि बरं वाटतंय म्हणून औषध मधेच एकदम बंद करू नका.

अर्ज देताना दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, तारीख, सही. ऑनलाइन दिला तर पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा. सवलत मंजूर झाली तरी ती आपोआप परीक्षा हॉलपर्यंत पोचत नाही. मंजुरीचा ईमेल प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना आपणच पाठवायचा, आणि पेपरच्या दिवशी छापील प्रत घेऊन अर्धा तास आधी परीक्षा केंद्राच्या प्रमुखांना भेटायचं, कारण वेगळी खोली उघडायला आणि पर्यवेक्षक बोलवायला त्यांनाही वेळ लागतो. सत्र संपलं की मंजुरीही संपते; पुढच्या सत्राचं पत्र सुट्टी लागायच्या आत मागून ठेवा, सुट्टीत सही करायला समुपदेशन केंद्रात कोणी नसतं.