वासोट्याचं रान

वासोटा किल्ल्यावर जायला बामणोलीहून लाँच सुटली तेव्हा शिवसागरावर धुकं होतं. हे कोयना धरणाचं पाणी. कितीतरी गावं याच्या पोटात गेली. मध्येच एका जागी हात करून नावाडी म्हणाला, "हितं आमची भातखाचरं होती." पुढे दीडेक तास कुणीच फारसं बोललं नाही.

गडाच्या पायथ्याला मेट इंदवलीत वनखात्याच्या चौकीवर आमच्याकडच्या प्लास्टिकच्या बाटल्या नि पुडे मोजून लिहून घेतले. तेवढे परत आणून दाखवायचे. गडावर मुक्काम करायचा नाही. दोन्ही नियम मला मनापासून पटतात.

ओढ्याकाठच्या मारुतीला हात जोडून पुढे निघालो आणि ऊन संपलंच. वर झाडांची गच्च दाटी, पायाखाली ओला पाचोळा. वाटेत गव्याचं शेण पडलेलं, अगदी ताजं. तासभर चढलो तरी किल्ला दिसेना. इथे कैदी का ठेवत ते तेव्हा उमगलं: तटाच्या आधी हे रानच ओलांडायचं! १८१८ साली हंटर आणि मॉरिसन हे पकडलेले दोन इंग्रज अधिकारी इथेच अडकून होते.

कारवीची झुडपं मागे पडली की पडके दरवाजे आणि वर बिनछपराचा मारुती. वाड्याचे चौथरे, चुन्याचा घाणा, पाण्याची टाकी, महादेवाचं छोटं देऊळ. एवढंच उरलंय, पण मी त्या चौथऱ्यांपाशी बराच वेळ बसून राहिले. याच गडावरून औंधच्या पंतप्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने पेशव्यांचा सरदार बापू गोखले याच्याशी महिनोन् महिने झुंज दिली. 'तेलिण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा' हे आजीकडून ऐकलं होतं, तेव्हा नुसती गंमत वाटायची. बाईने गड लढवला तो या एवढ्याशा माथ्यावरून, खाली वेढा पडलेला असताना. अशी बाई आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हती, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबूकड्यावर गेले तर समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर, तळापासून माथ्यापर्यंत झाडीत बुडालेला. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तिथे तोफा चढवून हा गड घेतला. आज तिथे तोफ सोडाच, धड पायवाटही दिसत नाही. खाली कोकणाकडे कडा सरळ तुटलेला.

चौकीवर बाटल्या मोजून दाखवल्या. तीन नेल्या होत्या, चार आणल्या. एक टाक्याजवळ पडलेली सापडली.