पेपरबुक

आज दिवसभर एकाच पेपरबुकात, म्हणजे अपिलासाठी बांधलेल्या खटल्याच्या कागदांत, डोकं. ज्यांच्या हाताखाली वकिली करते त्या सरांनी सकाळीच टेबलावर गठ्ठा आपटला. "जुन्या आयपीसीचं कलम ३९६, दरोड्यात खून. जन्मठेपेवरचं आपल्या अशिलाचं अपील आहे, ओळख परेड, म्हणजे साक्षीदारानं आरोपींना रांगेतून ओळखल्याचा भाग, नीट वाच." रात्री घरात पाच जण घुसले, म्हातारा जागीच गेला, सून वाचली. परेड अटकेनंतर अडीच महिन्यांनी, इतक्या उशिरा! पंचनाम्याची झेरॉक्स इतकी फिकी, की तारीख वाचायला कागद खिडकीच्या उजेडात धरला.

ओळखीवरूनच एक जुनी केस आठवली. जून २००३, बागेतली झोपडी, तिथले पाच जण मारले, बलात्कारही. सेशन्स कोर्टानं सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. हायकोर्टानं तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, तर २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्यांचीच फाशी पक्की केली. मग ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टानं सहाही जण निर्दोष सोडले, प्रत्येकी पाच लाख भरपाईसह. का, तर वाचलेल्या आईनं पोलिसांच्या फोटो अल्बममधून आधीच चार वेगळे चेहरे ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच नाही. सहापैकी एक तर तेव्हा अल्पवयीन होता. सोळा वर्षं गेली आतमध्ये. आणि त्या माऊलीच्या पदरात काय पडलं, हे निकालपत्र वाचताना माझ्या मनातून जात नाही.

संध्याकाळी बाररूममध्ये चहा घेताना मैत्रिणीनं विचारलं, "तुमचा माणूस खरंच निर्दोष आहे का गं?" खरं सांगते, मला माहीत नाही. सुनेची उलटतपासणी पान ८७ पासून आहे. गठ्ठा घरी आणलाय.