शंखातल्या माशांना शेजारी शोधताना

आमचा टँक दोन फुटी आहे. लांबी 60, रुंदी आणि उंची 30-30 सेंटीमीटर. वाळू आणि शंख वजा केले तर पाणी जेमतेम 45 लिटर. त्यात मी सहा मल्टी सोडले होते. पूर्ण नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅशिएटस, मुक्काम आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर. नर साडेचार सेंटीमीटरच्या पुढे सहसा जात नाही, मादी त्याहून लहान. सिक्लिड घराण्यातल्या सगळ्यांत छोट्या माशांपैकी हा एक. राहतो मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात.

दोन महिने त्यांचं वाळू उकरणं बघण्यात गेले. तोंडात वाळू भरायची, चार बोटं लांब नेऊन थुंकायची, परत यायचं. शंख हळूहळू खड्ड्यात बसतो आणि फक्त तोंड उघडं राहतं. मग एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, वरचं सगळं पाणी रिकामंच की!" खरंच होतं ते. सगळी वस्ती तळाच्या दहा सेंटीमीटरमध्ये, वर नुसतं पाणी. तिथून माझी शोधाशोध सुरू झाली.

पहिली चूक घाईची. दुकानातले काका म्हणाले, "ताई, कोरी न्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात." मी तीन कोरीडोरास, म्हणजे छोटे मिशाळ मासे, आणले. कोरी स्वभावानं गरीबच, पण त्यांचं सगळं आयुष्य तळाशी. मिशांनी वाळू चाचपत ते थेट शंखाच्या तोंडाशी गेले आणि अडीच सेंटीमीटरची मादी त्यांच्यावर तुटून पडली. सकाळी एक कोरी स्पंज फिल्टरच्या मागे, शेपटी फाटलेली, जोरजोरात श्वास घेत होता. त्याच दिवशी तिघांना परत नेऊन दिलं. त्या कोरीचा जीव माझ्यामुळे धोक्यात आला होता, ते मी विसरलेली नाही.

त्यानंतर मी आधी सरोवर समजून घेतलं. टांगानिकाचं पाणी कठीण, अल्कधर्मी, पीएच नऊच्या आसपास. अशा पाण्यात शंख विरघळत नाहीत, म्हणून तळाशी त्यांचे थरच्या थर साचतात आणि या माशांना घरं मिळतात. म्हणजे ज्या पाण्यामुळे ही वस्ती झाली, तेच पाणी शेजाऱ्यालाही मानवायला हवं. आमच्या नळाचं पाणी मऊ. मी फिल्टरजवळ प्रवाळाचा चुरा ठेवते, बदलायच्या पाण्यात थोडा खाण्याचा सोडा आणि एप्सम सॉल्ट घालते, पीएच 8.2 वर टिकतो. मऊ, आम्लधर्मी पाण्यातला निऑन टेट्रा इथं आणणं म्हणजे त्याला रोज थोडं थोडं मारणं.

मग एक वही घेऊन चार संध्याकाळी टँकसमोर बसले. कुठला मल्टी शंखापासून किती लांब जाऊन दुसऱ्याला हुसकावतो, ते काचेवर मार्करनं खुणा करून मोजलं. आडवं 15 सेंटीमीटरपर्यंत, वर मात्र दहाच्या पुढे कुणी गेलं नाही. शंख तर मी तळभर पसरले होते, त्यामुळे तळाचा एकही कोपरा बेवारस नव्हता. हे मोजमाप कोरी आणण्याआधी करायला हवं होतं.

शंख दोनतृतीयांश भागात गोळा केले, उरलेल्या टोकाला दगडांची रास रचली आणि एक ज्युलिडोक्रोमिस आणला. त्याच सरोवरातला, दगडांच्या फटीत राहणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा देखणा मासा. तीन आठवडे तो दगडांत, मल्टी शंखांत. मी निश्चिंत झाले. पण मल्टींची पिल्लं कमी होऊ लागली. आधी 14 मोजली होती, मग 9, मग 5. एका संध्याकाळी ज्युली शंखाच्या तोंडाशी स्थिर थांबलेला दिसला, तेव्हा उलगडा झाला. त्याचा दोष नाही, समोर आलेलं पिल्लू मासा खाणारच. मोठ्या टँकमध्ये अंतर त्यांना वाचवतं, माझ्याकडे अंतरच नव्हतं. चार फुटी टँक असलेल्या मैत्रिणीनं त्याला नेलं.

सिप्रिक्रोमिस मनात होता. सरोवरात वरच्या पाण्यात थव्यानं फिरणारा तोच, पण दहा-दहा सेंटीमीटरच्या माशांच्या थव्याला दोन फुटात कोंडणं मला पटेना. झिंगे आणले असते तर त्यांची पिल्लं मल्टींनी टिपली असती.

शेवटी उत्तर सोसायटीच्या हौदात सापडलं. डासांच्या अळ्या खायला महापालिका सोडते तेच गप्पी मासे! कठीण पाणी त्यांना चालतं आणि ते पृष्ठभागाजवळ राहतात. दुकानातले लांब शेपटीचे गप्पी मी मुद्दाम घेतले नाहीत, ती जड शेपटी त्यांना दमवते आणि ते विसाव्याला खाली येतात. हौदातले आखूड शेपटीचे, चपळ. पाच निवडले, पाचही नर, कारण मादी आली की महिन्याभरात टँक भरतो. तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवले, मग दोन तास थेंब-थेंब पाणी मिसळून आत सोडले. वर झाकण हवंच, गप्पी उड्या मारतात.

अडचण आली ती खाण्याची. गप्पी पडेल तो कण वरच्या वर गिळायचे, खाली काही पोचेना. आता आधी एका टोकाला तरंगतं खाणं टाकते, गप्पी तिकडे जमले की ड्रॉपरनं आर्टेमिया, म्हणजे झिंग्यांसारखे बारीक जीव, थेट शंखांच्या तोंडाशी सोडते. उरलंसुरलं वाळूत फिरणाऱ्या लांबुळक्या पाणगोगलगायी संपवतात. त्यांना मल्टी फारसे छळत नाहीत.

चार महिने झाले. सासूबाई संध्याकाळचा चहा टँकसमोर घेतात आणि मोजायचं काम आता त्यांच्याकडे आहे. परवा त्यांनी 17 पिल्लं मोजली. सगळ्यांत लहान दोन शंखाच्या ओठाला चिकटून होती, मोठी भावंडं त्यांच्या आजूबाजूला, आणि पाची गप्पी वर उजेडात.