गुठळी की रक्तस्राव: रक्त किती सांगतं?

छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की ट्रोपोनिनचं कार्ड, म्हणजे हृदयविकाराचा झटका ओळखणारी झटपट रक्ततपासणी, लावता येतं. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आणलेल्या माणसासाठी तसं कार्ड का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. लकवा गुठळीमुळे झाला की मेंदूत रक्तस्राव होऊन, हे सीटी स्कॅनशिवाय खात्रीनं कळत नाही. आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मेळघाटातल्या धारणीहून घाट उतरून अमरावती गाठेपर्यंत त्यातले तीन तास तरी जातात. गडचिरोलीच्या ८६ गावांमधला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवाच निघालं, १४.३ टक्के.

आशा ठेवावी असं प्रथिन म्हणजे जीएफएपी. ते मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमध्ये असतं. रक्तस्रावात या पेशी एकदम फुटतात आणि जीएफएपी लवकर रक्तात उतरतं. गुठळीत पेशी सावकाश मरतात, म्हणून पातळी बऱ्याच तासांनी चढते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आणलेल्या रुग्णात ही तपासणी फारशी कामाची नाही. २०१२ च्या एका अभ्यासात ०.२९ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही सीमा धरली, तेव्हा साडेचार तासांच्या आत आलेल्या रक्तस्रावांपैकी ८४ टक्के ओळखता आले. घोडं अडतं ते उरलेल्या सोळा टक्क्यांवर. रक्तस्राव लहान असला तर पातळी वाढतच नाही, आणि अशा रुग्णाला गुठळीचं इंजेक्शन दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वाढलेलं जीएफएपी रक्तस्रावाकडे बोट दाखवतं, पण नॉर्मल आलं म्हणून रक्तस्राव नाही असं कधीच म्हणू नये. शिवाय लकव्याच्या झटक्यात माणूस गाडीवरून पडून डोक्याला मार लागला असेल, तर त्या मारानंही ते वाढतं.

लकव्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या दुसऱ्या तपासण्यांवरही भिस्त ठेवता येत नाही. गुठळी विरघळताना रक्तात येणारा डी-डायमर जंतुसंसर्गात, बाळंतपणात, कॅन्सरमध्येही वाढतो. एनएसई हे चेतापेशींतलं प्रथिन तांबड्या पेशींतही असतं. खड्ड्यांच्या रस्त्यानं नमुना घुसळून पेशी फुटल्या की आकडा खोटा.

आज उपकेंद्रातही होणारी आणि निर्णय बदलणारी रक्ततपासणी एकच: ग्लुकोमीटरवरची साखर. साखर ६० च्या खाली गेली की हुबेहूब लकवा दिसू शकतो. पण इथेच चुका होतात. संत्र्याच्या तोडणीवरून आलेल्याच्या बोटांवर फळाची साखर असते. स्पिरिटच्या बोळ्यानं ती नीट जात नाही आणि रीडिंग फुगतं. बोट पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडं करा, पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. स्ट्रिपची डबी उघडी ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली डबी टाकून द्या. हिमोग्लोबिन फार कमी असेल, जे आपल्याकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत नेहमीचं, तर मीटर साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. अशा रुग्णात ७५ आलं तरी निश्चिंत होऊ नका. साखर कमी असेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून द्या; तोंडानं काही नको, गिळताना ठसका लागून फुफ्फुसात जाईल. साखर वर येऊनही हात उचलला जात नसेल, तर लकवा समजूनच गाडी काढा.

रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, लागतोच. त्याची निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरा. २.७ मिली रक्ताचं माप नळीतल्या ०.३ मिली सायट्रेटशी, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या द्रवाशी, जुळवलेलं असतं. अर्धवट भरली तर आयएनआर खोटाच वाढतो. १.७ च्या वर गेला की इंजेक्शन नाकारलं जातं, म्हणजे नळीतल्या चुकीपायी रुग्णाचा उपचार हुकतो. नळी तीन-चार वेळा हळूच उलटी-सुलटी करा, जोरात हलवू नका. पण नळीसाठी १०८ ची गाडी थांबवायची नाही, आणि स्कॅन होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही.

चिठ्ठीवर साखरेचा आकडा, तो किती वाजता घेतला ते, आणि सिकलसेलचं कार्ड असेल तर तेही लिहा. वेळ मात्र ‘सापडला तेव्हाची’ नको. रात्री ९ ला जेवून नीट झोपला आणि पहाटे ५ ला वाकडं तोंड दिसलं, तर चिठ्ठीवर रात्री ९ लिहा.