पावसाळा ते दिवाळी: पळणं, ताट आणि काटा

मागची नोंद मृगाच्या सुमारास लिहिली होती. तेव्हा दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं असा क्रम चालू होता. आता दिवाळी झाली. रंकाळ्याच्या कडेने न थांबता ५ किलोमीटर होतात, रविवारी विद्यापीठाच्या आवारात ८ पर्यंत जाते, आणि वजन ७७ वरून ७२ किलोवर आलंय. वेगाबद्दल आज काही लिहीत नाही, तो अजून मोजायलाच घेतलेला नाही. या काळात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते ताटाबद्दल, म्हणून ही नोंद फक्त खाण्याची.

आधी हिशेब मांडते. पळताना साधारण दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला १ किलोकॅलरी खर्च होते. हळू पळा नाहीतर जोरात, आकडा फारसा हलत नाही. म्हणजे ७२ किलोच्या बाईला ५ किलोमीटरचे ३६०. आठवड्यातून तीनदा धरले तर १,०८०. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० किलोकॅलरी. भागाकार केला की आठवड्याला १४० ग्रॅम निघतात. नव्याने पळायला लागलेल्या प्रत्येकाने हा भागाकार एकदा कागदावर करावा असं मला मनापासून वाटतं. पळून आल्यावर कोपऱ्यावर एक वडापाव खाल्ला की ३०० च्या आसपास परत येतात. वजन उतरवण्याचं बरंचसं काम स्वयंपाकघरातच होतं.

पण इथेच बहुतेक जण दुसऱ्या टोकाला जातात. आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या एकीने भात आणि भाकरी दोन्ही बंद केलं, रात्री फक्त काकडी-टोमॅटो, आणि पहाटे पळायला हजर. सुरुवातीला काटा भराभर खाली आला. मग तिसऱ्या किलोमीटरला पाय जड व्हायला लागले, दुपारी ऑफिसात डोळे मिटायला लागले, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर फरसाणाचा डबा. हे चक्र मी इतक्या जणांचं पाहिलंय की आता माझा एकच नियम आहे: पळण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या खाण्याला हात लावायचा नाही. कमी करायचं ते दिवसाच्या बाकीच्या वेळेतलं, आणि तेही तेल, साखर, मैदा यांतलं.

यामागचं कारण कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपण खाल्लेल्या भाकरी-भातातली साखर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठते. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १०० च्या आसपास. रात्री झोपेत यकृतातला साठा मेंदूसाठी वापरला जातो, स्नायूंतला मात्र बराचसा जागेवर राहतो. म्हणून रात्री नीट जेवलं असेल तर पहाटे अर्धा-पाऊण तास सावकाश पळायला रिकामं पोट चालतं. रात्रीच उपास घडला असेल तर चालत नाही. पहाटेच्या पळण्याचं पहिलं खाणं म्हणजे आदल्या रात्रीचं जेवण.

त्यामुळे रात्री दीड भाकरी, वाटीभर आमटी किंवा पिठलं, पालेभाजी आणि थोडा भात हे मी सोडलेलं नाही. आठच्या आत जेवते. फोडणीचं तेल चमच्याने मोजून घेते, कारण मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी, आणि आमच्याकडे कट तरंगल्याशिवाय आमटी झाली असं कुणी मानत नाही. घरातल्या सगळ्यांच्या आमटीतलं तेल निम्मं केलं. पहिले काही दिवस कुरकुर झाली. मग कांदा-लसूण मसाला चांगला परतून घेतला की चव टिकते हे लक्षात आलं आणि विषय संपला.

पहाटेचं खाणं हा घरातला सगळ्यात मोठा वाद होता. सासूबाईंचं म्हणणं, “रिकाम्या पोटानं पळाय जातीस व्हय? चक्कर येऊन पडशील की.” मग आमच्यात तोडगा निघाला. छोट्या पळण्याला अर्धं केळं, निघण्याआधी अर्धा तास. रविवारच्या लांब पळण्याला पूर्ण केळं आणि दोन खजूर, पाऊण तास आधी. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात आणि ती पोटात रेंगाळत नाहीत. उशिरा, म्हणजे आठ-साडेआठला पळायचं असेल तर दोन तास आधी छोटी वाटी पोहे, शेंगदाणे न घालता. शेंगदाण्यात काही वाईट नाही, पण चरबी आणि चोथा पोट रिकामं व्हायला वेळ लावतात. त्याच कारणाने मिसळ पळण्याआधी कधीच नाही. मिसळ पळून आल्यावर, तीही महिन्यातून एखाद्या रविवारी, मटकी जास्त आणि फरसाण कमी सांगून, ब्रेडचे दोन स्लाइस घेऊन. कोल्हापुरात राहून मिसळ कायमची सोडणारं कुठलंही डाएट टिकणार नाही, आणि न टिकणारं डाएट मला करायचंच नाही.

पळून आल्यावर काय? इथे माझ्या ताटात सगळ्यात मोठा बदल झाला. आपल्या जेवणात प्रथिनं कमी पडतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे साधारण माणसाला दर किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतात, म्हणजे मला रोज ६० ग्रॅम. पळणाऱ्याला, त्यातही वजन उतरवत असणाऱ्याला, १.२ ते १.६ ग्रॅमच्या पट्ट्यात राहायला सांगतात, म्हणजे किमान ८६. जेवण थोडं कमी असताना प्रथिनंही कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पळायचं तर स्नायूंवरच आहे. पावडर न घेता तिथवर कसं पोचायचं हे जुळवायला मला वेळ लागला. दोन अंडी म्हणजे १२. कोरडी मटकी ४० ग्रॅम भिजवून मोड आणले की उसळीतून ९. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, फुटाण्यांतून ६. तीन भाकऱ्यांतून १५ तरी येतात, हे बरेच जण विसरतात. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम म्हणजे तब्बल १५, आणि त्या तांबड्या रश्श्यात घातल्या तर मुलं ताट पुसून खातात. शिवाय दही, डाळ, आणि बुधवार-रविवारचं चिकन-मटण आहेच. आता बहुतेक दिवस ८० च्या पुढे जाते, आणि अकरा वाजता पोटात जी पोकळी जाणवायची ती गेली.

दुधाबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण इथे पळणाऱ्याला दुधावरून सल्ला मिळाला नाही असा दिवस जात नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून दूध देतात. तालमीतले पैलवान ते पिऊनच मोठे झाले. आमच्या शेजारचे काका एकेकाळी तालमीत होते. ते मला बदामाची थंडाई आणि तूप सुचवतात, प्रेमाने सुचवतात. पैलवान पहाटेपासून तासन्तास जोर-बैठका आणि लढती करतो, त्याला तो खुराक शोभतो आणि लागतोही. मी अर्धा-पाऊण तास पळते. पेलाभर म्हशीचं दूध म्हणजे २०० हून अधिक किलोकॅलरी आणि ७-८ ग्रॅम प्रथिनं. म्हणून कट्ट्यावरचं दूध रविवारच्या लांब पळण्यानंतर, साखरेशिवाय, एकच पेला. इतर दिवशी ताक. काकांना हा हिशेब सांगितला तर ते म्हणाले, “बरं हाय, पण रविवार चुकवू नगंस.” अजून चुकवलेला नाही.

श्रावणाने खरी परीक्षा घेतली. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ३५० च्या आसपास किलोकॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. त्यावर तूप, दाण्याचं कूट, तळलेला बटाटा. सोमवारी दिवसभर तेवढंच खाऊन मंगळवारी पळायला गेलं की अंगात जोर नसतो. मी सोमवार विश्रांतीचा ठेवला आणि ताटात भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही आणलं. गंमत अशी की तीच साबुदाण्याची खिचडी, कमी तुपातली, रविवारच्या पळण्याच्या आदल्या संध्याकाळी उत्तम काम करते. पदार्थ तोच, वेळ वेगळी.

गणपतीत मोदक खाल्ले आणि दोन दिवसांत काटा सव्वा किलोने वर गेला. ग्रुपवर अशा वेळी घबराट होते, म्हणून सांगते: ती चरबी नव्हती. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठताना सोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. गोड आणि मीठ वाढलं की पाणी वाढतं, पाळीच्या आधीही वाढतं. सव्वा किलो चरबी चढायला गरजेपेक्षा नऊ हजारांहून अधिक किलोकॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि तेवढे मोदक आमच्या घरात झालेच नव्हते. भात-भाकरी सोडणाऱ्यांचं वजन पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं तेही मुख्यतः हेच पाणी. मी आता रोज सकाळी वजन करते पण आठवड्याची सरासरीच वहीत लिहिते.

बायांसाठी एक गोष्ट कळकळीने लिहिते. जुलैच्या शेवटी खाणं नीट असूनही चढावर दम फार लागत होता. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं) तपासायला सांगितलं, आणि दोन्ही कमी निघालं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. गोळ्या त्यांच्या सांगण्याने सुरू केल्या. खाण्यात एवढंच बदललं: चहा जेवणापासून तासभर लांब, कारण चहातली टॅनिन्स लोह शोषू देत नाहीत, उसळीवर आणि पालेभाजीवर लिंबू, कारण क जीवनसत्त्वाने ते शोषणं वाढतं, आणि अधूनमधून अळिवाचा लाडू. ऑक्टोबरपर्यंत चढ तोच होता, दम पुरायला लागला. पळायला लागलेल्या प्रत्येक बाईने ही तपासणी आधी करून घ्यावी. आणि खाणं कमी करता करता पाळी लांबली, झोप उडाली, हाडं दुखायला लागली तर वजनाचा नाद तात्पुरता सोडून डॉक्टरांकडे जावं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये, खाणं कमी पडून येणाऱ्या या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. ती फक्त मोठ्या खेळाडूंना गाठते असं समजू नका.

पाण्याचं थोडक्यात. तासाच्या आतल्या पळण्याला साधं पाणी पुरतं, रंगीत बाटल्यांची गरज नाही. पावसाळ्यात हवा इतकी दमट की घाम अंगावरच राहतो आणि कपडे पिळून काढावे लागतात. अशा दिवशी घरी आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत.

भाकरी बंद करायला निघालेल्यांना मी केनियाचं उदाहरण देते. जगातले सर्वोत्तम लांब पल्ल्याचे धावपटू जिथून येतात, तिथलं रोजचं अन्न म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. त्यांच्या खाण्यातली तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा कर्बोदकांतून येते. ते आठवड्याला दीडशे-दोनशे किलोमीटर पळतात, त्यामुळे त्यांच्याएवढं आपण खायचं नाही. पण धान्य हे पळणाऱ्याचं वैरी नाही एवढं त्यातून नक्की कळतं. आपल्याकडे माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य घेऊन आला. दोघंही ज्वारी-बाजरीच्या मुलखातले.

दिवाळीत फराळ केला आणि खाल्लाही. चकली-चिवडा सकाळी पळून आल्यावर, नाश्त्याच्या जागी, सोबत अंडं किंवा दही. दुपारी चारच्या चहाबरोबर नाही. ती वेळ आता फुटाण्यांची आहे आणि सणातही ती मी हलू दिली नाही. दिवाळीच्या आठवड्याची सरासरी ३०० ग्रॅम वर गेली, पुढच्या आठवड्यात उतरली.

आता जानेवारीत १० किलोमीटरची शर्यत डोळ्यासमोर आहे. माझ्या चालीने तिला तास उलटून जाईल, म्हणून डिसेंबरात लांब पळण्यात मध्येच खाऊन बघायचंय. पहिला प्रयोग गूळ-शेंगदाण्याच्या चिक्कीचा करणार होते, पण पळता पळता चावणं अवघड जाईल आणि दाणे पोटात बसून राहतील, म्हणून आधी बिया काढलेला खजूर, पाऊण तास झाल्यावर एक, घोटभर पाण्याबरोबर. वजन तोवर ७१ झालं तर उत्तम. शर्यतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मात्र काहीही कमी करणार नाही. तेव्हा ताट भरलेलंच राहील. थंडीत पहाटे पाचला केळं घशाखाली उतरत नाही अशी तक्रार ग्रुपवर तिघींनी केली आहे. त्यांच्यासाठी कोमट नाचणीची आंबील करून बघतेय, पुढच्या नोंदीत प्रमाणासकट लिहीन.