साधे, सोपे आणि मोकळे

हाताने भेटकार्डे बनवणाऱ्यांमध्ये ‘क्लीन अँड सिंपल’ ही शैली इतकी रुळली आहे की बहुतेक जण तिची आद्याक्षरे घेऊन नुसते ‘सीएएस’ म्हणतात. मीही वर्षानुवर्षे तसेच म्हणत आले आहे. गेल्या महिन्यात, नुकत्याच ठसे आणि शाईच्या नादी लागलेल्या माझ्या एका मैत्रिणीने तिचे कार्ड माझ्यासमोर ठेवून विचारले, “याला सीएएस म्हणायचे ना गं?” पांढऱ्या कार्डस्टॉकच्या, म्हणजे कार्डासाठीच्या जाड कागदाच्या, बरोबर मधोमध एक फूल, तळाशी ‘धन्यवाद’ एवढे अक्षर आणि कोपऱ्यात एक चमकती टिकली. मोजून तीन गोष्टी, आणि तरीही माझ्या तोंडून ‘हो’ निघेना. का निघत नाही हे मला त्या वेळी नीट सांगताही आले नाही, म्हणून हा लेख.

या शैलीच्या व्याख्या बहुधा मोजमापाच्या असतात. कोणी म्हणते की सगळे काम पायाच्या कागदावरच, म्हणजे घडी घालून ज्याचे कार्ड होते त्याच कागदावर, झाले पाहिजे, वर दुसरा थर चिकटवला की ते कार्ड या शैलीतून बाद. कोणी वस्तूंची संख्या ठरवते, कोणी रंगांची. आणि नक्षीचा छापील कागद मुळीच चालणार नाही असे ठामपणे सांगणारेही भेटतात. शिकणाऱ्याला अशा नियमांचा आधार वाटतो हे मला मान्य आहे, कारण नियम पाळला की नाही हे लगेच कळते. पण मैत्रिणीचे कार्ड यांतल्या जवळजवळ प्रत्येक नियमात बसत होते आणि तरीही बघताना डोळा अडखळत होता. उलट चार थर असलेली, खालचा अख्खा कागद बारीक रेषांच्या नक्षीचा असलेली, तरीही निखळ साधी दिसणारी कार्डे मी पाहिली आहेत.

मला वाटते, निम्मा घोटाळा ‘सिंपल’ या शब्दाने केला आहे. आपल्याकडे ‘साधे’ आणि ‘सोपे’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला की ते दोन्ही त्यात मिसळून जातात. कार्ड दिसायला साधे असावे लागते; करायला सोपे असावे लागत नाही. माझ्याच एका कार्डाचे सांगते. चिकट कागदातून एक वर्तुळ कापायचे, ते पांढऱ्या कागदावर वरच्या उजव्या बाजूला बसवायचे, मग ब्लेंडिंग ब्रशने, म्हणजे शाई कागदावर पसरवायच्या मऊ, दाट ब्रशने, फिकट निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत तीन शाया एकमेकींत विरघळतील अशा चढवत न्यायच्या आणि शेवटी वर्तुळ सोलून काढायचे. मागे उरतो तो कोऱ्या कागदाचा चंद्र. खाली एक लहानसा पक्षी आणि एक ओळ. हे कार्ड पाच मिनिटांत उरकले असेल असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात माझी एक पूर्ण संध्याकाळ आणि तीन फसलेले कागद त्यात गेले, कारण ब्रश कागदावर थेट टेकवला की पहिल्याच फटक्याला गडद गोल डाग पडतो आणि तो पुढे कितीही घासला तरी मिसळत नाही. ब्रश आधी बाजूच्या रद्दी कागदावर गोल गोल फिरवत आणायचा आणि तसाच फिरता ठेवून कामाच्या कागदावर घ्यायचा, हे हाताला बसेपर्यंत वेळ लागतो. अशा कार्डाला ‘सिंपल’ म्हणू नये, असे कोणी म्हटले तर मला ते पटणार नाही.

‘क्लीन’चा अर्थ मी दोन अंगांनी घेते: नजरेला नेटके आणि हाताला स्वच्छ. दुसऱ्या अंगाबद्दल फारसे बोलले जात नाही, पण खरी परीक्षा तिथेच होते. गजबजलेल्या कार्डावर कड तिरकी कापली गेली, शाई जरा पसरली, गोंद किंचित बाहेर आला, तर फीत, फुले आणि थरांच्या गर्दीत ते खपून जाते. मोकळ्या कार्डावर लपायला जागाच नसते. अक्षरांची ओळ अर्धा मिलिमीटर जरी कलली तरी लगेच कळते, कारण तिच्याशी ताडून पाहायला शेजारी कागदाची सरळ कड असते आणि मधे नजर वळवणारे काहीच नसते. म्हणूनच ठसा झाकणाला चिकटवून, कागद लोहचुंबकाने जागेवर धरून छाप घेण्याचे जे उपकरण मिळते, ते या शैलीत चैनीचे राहत नाही: छाप फिकी उठली तर कागद न हलवता त्याच जागी दुसऱ्यांदा छापता येते. काळ्या कागदावर पांढरी पूड वितळवून उठावाचे अक्षर करताना तर एकेक कण नडतो. कागदावर स्थिर विद्युत असली किंवा बोटांचा ओलावा लागला असला की पूड नको तिथे चिकटते आणि गरम हवा लागताच तो कण कायमचा पांढरा ठिपका होऊन बसतो. म्हणून आधी कागदावरून अँटी-स्टॅटिक पुडीची पिशवी फिरवायची आणि शाई लावून पूड टाकल्यावर, गरम करण्याआधी, कोरड्या बारीक ब्रशने आजूबाजूचे कण टिपून घ्यायचे.

घडीचेही तसेच आहे. कागदाला तंतूंची दिशा असते. त्या दिशेने घडी घातली तर ती सुरीने ओढल्यासारखी बसते, आडवी घातली तर जाड कागदाचा पृष्ठभाग घडीवर तडकतो. पायासाठी मी साधारण 250 ते 300 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा) कागद घेते, आणि इतक्या जाडीला आधी खाच पाडल्याशिवाय घडी घालणे म्हणजे कागद वाया घालवणे. खाच पाडल्यावर उलट बाजूला जो बारीक उंचवटा येतो तो घडीच्या आत गेला पाहिजे. पुष्कळ जण नेमके उलटे करतात.

आणि पांढरा! पांढरा हा एकच रंग आहे असे समजून मी बराच कागद वाया घालवला आहे. काही कागदांत प्रकाश उजळवणारी रसायने असतात, त्यामुळे दिवसाउजेडी ते निळसर पांढरे दिसतात. काही मुळातच पिवळटाकडे झुकलेले असतात. एकेकटे पाहिले तर दोन्ही पांढरेच. पण पिवळसर पायावर निळसर पांढरा थर चिकटवला की खालचा कागद जुना, मळका वाटू लागतो. पांढऱ्यावर पांढरे करायचे असेल तर दोन्ही एकाच तावातून कापणे उत्तम. मग मधे फोम टेप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी जाड स्पंजी पट्टी, लावली की वरच्या तुकड्याची जी करडी सावली खाली पडते, तेवढाच त्या कार्डाचा रंग.

आता मोकळ्या जागेबद्दल, जिच्यावर माझ्या मते सगळे अवलंबून आहे. इथेही आपल्या भाषेत दोन शब्द आहेत: ‘रिकामी’ आणि ‘मोकळी’. रिकामी जागा म्हणजे जिथे काही ठेवायचे सुचले नाही ती. मोकळी जागा म्हणजे मुद्दाम ठेवलेली. ए4 कागद अर्धा कापून घडी घातली की 105 बाय 148 मिलिमीटरचा दर्शनी भाग मिळतो. त्याच्या मधोमध एक चित्र ठेवले तर चारही बाजूंना चार जवळपास सारख्या पट्ट्या उरतात आणि त्यांतली एकही डोळ्याला विसावा देण्याइतकी मोठी नसते. तेच चित्र एका बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात सरकवले की त्या चार पट्ट्यांची मिळून एक सलग मोठी जागा होते. कागद तेवढाच, चित्रही तेवढेच, पण आता ती जागा चित्राच्या बाजूने बोलते: गवताचे पाते असेल तर वर आभाळ होते, होडी असेल तर पाणी. मध्यभाग सर्वस्वी वर्ज्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही. चित्र मधेच हवे असेल तर ते भौमितिक मध्यापेक्षा किंचित वर ठेवावे, कारण बरोबर मध्यावर ठेवलेली वस्तू डोळ्याला खाली घसरल्यासारखी दिसते. चित्रांच्या चौकटी करणारे खालचा समास थोडा अधिक ठेवतात तो याच कारणाने.

याच हिशेबाने मी प्रत्येक वस्तूला तिचे काम विचारते. कोपऱ्यातली टिकली काय करते? नजर चित्राकडून मजकुराकडे नेत असेल तर ती राहू दे. नुसती जागा भरत असेल तर बोटाने झाकून पाहावी, आणि झाकल्यावर काहीच कमी झाल्यासारखे वाटले नाही तर ती काढावी. सर्वांत वाईट काम म्हणजे डाग झाकणे, आणि त्यात मी पुरती मुरलेली आहे. एकदा वाढदिवसाच्या कार्डावर, सगळे पूर्ण झाल्यावर, अंगठ्याची निळी शाई डाव्या काठाला लागली. तिच्यावर मी एक कागदी फुलपाखरू चिकटवले. मग ते एकटे पडले म्हणून समोर दुसरे, मग दोघांचा तोल साधायला खाली तीन टिकल्या. अर्ध्या तासात, एका फांदीचे ते कार्ड बागेसारखे झाले होते. आता डाग पडला की आधी बारीक वाळूच्या खोडरबराने तो हलकेच खरवडून पाहते, आणि नाही गेला तर कागद त्या बाजूने कापून टाकते. कार्ड थोडे अरुंद होते, एवढेच.

तर मैत्रिणीचे कार्ड. तिला हे सगळे ऐकवण्याऐवजी मी रद्दी कार्डस्टॉकचे दोन काटकोनी तुकडे कापले, ते एकमेकांवर ठेवून चौकट केली आणि ती तिच्या कार्डावर हळूहळू सरकवू लागले. टिकली चौकटीबाहेर गेली तेव्हा तिला काही वाटले नाही. ‘धन्यवाद’ बाहेर गेले तेव्हा ती “अगं, थांब” म्हणाली. मग डावी कड आत आणत आणत मी फुलाच्या देठापर्यंत पोहोचले, फूल जवळजवळ काठावर उभे राहिले, आणि उजवीकडे बरीच जागा उघडी पडली. ती काही न बोलता ते पाहत राहिली, मग पेन्सिल घेऊन तिने चौकटीच्या आतून चार बारीक खुणा केल्या.

त्या खुणांवर कापलेला तुकडा तिने नव्या पायावर डाव्या अंगाला चिकटवला. म्हणजे कडव्या नियमानुसार ते आता एका थराचे कार्ड उरले नाही. अक्षरे तिने उजवीकडच्या मोकळ्या भागात, फुलाच्या खालच्या पाकळीच्या रेषेत नव्याने छापली. पहिल्यांदा ती फिकी उठली, पण कागद हलवला नव्हता म्हणून त्याच जागी दुसरी छाप घेता आली. टिकली पुन्हा डबीत गेली. “आता?” तिने विचारले, आणि या वेळी मी ‘हो’ म्हणायला वेळ लावला नाही.